पांढरं शिवार

अर्शियाने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरच्या लादीचा आणि चित्रातला. लादीच्या बर्फाचं तिला काही नव्हतं. चित्रातल्या बर्फाने मात्र तिला कॉलेजात असताना धरलं ते सोडलंच नाही.

ती मूळची मुदखेडची. स्टेशनासमोर अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. कापड बेतून उरलेला खाकी कागद अर्शियाच्या वाट्याला यायचा आणि त्यावर ती दिवसभर गिरबटत बसायची. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड मिळाली, तेव्हा अब्बांनी घरातल्यांची कुरकुर कानाआड केली आणि तिला नांदेडला एटीडीला, चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला घातलं. शिकून निदान ड्रॉइंगची मास्तरीण तरी होईल, असा त्यांचा हिशेब. मुदखेड-नांदेड रेल्वेने रोजचं जाणं-येणं.

कॉलेजात आनंदराज सर होते. कमी बोलणारे, सदा खोकणारे. त्यांच्या कपाटात डच चित्रकारांच्या रेखाटनांचं आणि जलरंगांचं एक जाडजूड पुस्तक होतं. डिसेंबर लागला की ते पुस्तक बाहेर काढायचे आणि हिवाळ्याची पानं उघडून वर्गात फिरवायचे. तीन-चारशे वर्षांपूर्वीची चित्रं. टाकाने ओढलेल्या तपकिरी रेघा आणि त्यांवरून फिरवलेला पाण्यासारखा पातळ करडा रंग. गोठून गेलेला कालवा आणि त्या कालव्यावर माणसंच माणसं. कुणी पायाला लोखंडी पात्या बांधून घसरतंय, कुणी बिनचाकाच्या गाडीवर सरपण ओढतंय, कुणी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलंय, एखादा सपशेल उताणा पडलाय. काठाला पानं झडलेली झाडं, आणि वर अर्ध्याहून जास्त पान भरून नुसतं आभाळ.

"ह्यात पांढरा रंग कुठं कुठं लावलाय, दाखवा," सर म्हणायचे.

मुलं बोटं ठेवत जायची. सर मान हलवायचे. "कुठंच न्हाई. कागद सोडलाय. बर्फ काढायचा नसतो, बाबांनो. त्याच्या भोवतीचं काढायचं आन् तेवढी जागा राखायची."

अर्शियाने त्यातलं एक पान उतरवून काढलं. मग दुसरं. कालवा जमला, झाडं जमली, माणसंही बऱ्यापैकी जमली. बर्फ तेवढा जमेना. तिने कितीही कागद सोडला तरी ती जागा मोकळी दिसायची, गार दिसायची नाही. सरांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे पीठ सांडल्यावानी झालंय बघ." रागाने नाही, पण म्हणाले.

पुढे लग्न झालं आणि ती औशाला आली. नवरा नासिर छोटा हत्ती टेम्पो चालवायचा. माणूस बोलका, तापट, पण मनात काही न ठेवणारा. बरीच वर्षं विनापगारी राबल्यावर अर्शियाची शाळेतली नोकरी पक्की झाली. मुलांना दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली झोपडी यातून बाहेर काढता काढता तिचा आठवडा सरायचा. रविवारी मात्र ती मागच्या खोलीत पाट मांडून बसायची आणि कधी न पाहिलेल्या देशाचा हिवाळा काढायची. मुलगी कहकशां आता नांदेडला फार्मसी शिकत होती. तीही फोनवर हसायची, "अम्मी, बर्फ पडला का नाही आज?"

ते डच पुस्तक पुन्हा कधी हाताला लागलं नाही. सर वारले आणि त्यांच्या कपाटाचं काय झालं कुणास ठाऊक. पण शाळेत येऊन बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस स्वप्नाली घरी आली. ती अर्शियाची जुनी विद्यार्थिनी, आता लातूर रस्त्यावरच्या गुरुपादप्पांची सून. गुरुपादप्पांचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस होतं. रोपं हॉलंडच्या कंपनीची, आणि ती कंपनी दर वर्षी गिऱ्हाइकांना कॅलेंडर धाडायची. स्वप्नालीने पिशवीतून त्याची गुंडाळी काढली.

"मॅडम, जानेवारीचं पान बघा. तुम्ही फळ्यावर काढायचात तसलंच हाय की नाही?"

जानेवारीच्या पानावर गोठलेला कालवा होता. अर्शियाने ते पान खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग तिने स्वप्नालीला चहा केला आणि चहात साखर घालायची विसरली.

तेव्हापासून दर वर्षी ते कॅलेंडर तिच्याकडे येऊ लागलं आणि दोन घरांत येणं-जाणं सुरू झालं. गुरुपादप्पांची फुलं लातूरला पोचवायचं काम नासिरकडे आलं. पार्वतम्मा, म्हणजे गुरुपादप्पांची बायको, अर्शियासाठी शेंगदाण्याच्या पोळ्या राखून ठेवायची. गुरुपादप्पा स्वतः फार बोलत नसत. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला टोपी, हातात कात्री. चित्रं-बित्रं त्यांना कळत नव्हती आणि कळत असल्याचा आवही ते आणत नसत.

त्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी नासिर फुलं भरायला निघाला, तेव्हा अर्शियाही टेम्पोत बसली. लगीनसराईचे दिवस होते, हैदराबादच्या व्यापाऱ्याची मागणी होती आणि पॅकिंगला हात कमी पडत होते. सकाळपासून उकाडा असा होता की अंगाला कापड चिकटत होतं. पोचल्यावर ती स्वप्नालीबरोबर फुलांच्या दांड्या वाकू नयेत म्हणून त्यांना नळ्या चढवत बसली. गुरुपादप्पा आणि त्यांचा मुलगा सोमेश खोक्यांना पट्ट्या मारत होते.

चारच्या सुमाराला उजेड बदलला. आधी पिवळा झाला, मग हिरवट. बाहेर पाखरांचा आवाज थांबला होता, हे अर्शियाच्या उशिरा ध्यानात आलं.

गुरुपादप्पा शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. "सोमेश, पडदे सोड रे सगळे," ते म्हणाले. आवाजात काहीतरी होतं, त्यामुळे सोमेश पळतच गेला.

पण पडदे सोडून काही उपयोग नव्हता. वारा आडवा आला आणि त्याच्या मागोमाग पहिली गार शेडच्या पत्र्यावर आदळली. कुणी धोंडा मारावा तसा आवाज झाला. मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. आवळ्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या. पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. समोर पॉलिहाऊसचं छत आधी ठिकठिकाणी टोचलं गेलं, मग एका कडेने फाटत गेलं आणि लांबलचक पट्ट्या वाऱ्यावर फडफडू लागल्या. आतली लाल-पिवळी फुलं पांढऱ्या माऱ्याखाली झोपत चालली होती. गुरुपादप्पा दाराच्या चौकटीला धरून बघत राहिले. नासिरने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, नाहीतर ते बाहेर गेले असते.

सोमेश डोक्यावर रिकामं क्रेट धरून परत आला. त्याच्या कानावरून रक्त ओघळत होतं. स्वप्नालीने ओढणीने ते दाबलं आणि दाबता दाबता ती एकदम थबकली.

"आत्याबाई कुठं हायत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आभाळ भरून आलं तशी पार्वतम्मा गाय आणि वासरू सोडून आणायला म्हणून गेली होती. जनावरं शिवाराच्या पार टोकाला, बाभळीखाली बांधलेली. गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आली हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"थोडं थांबू द्या," नासिर म्हणाला.

"थांबून कसं चालल," सोमेश म्हणाला आणि तसाच क्रेट डोक्यावर घेऊन बाहेर पडला. त्याच्या मागे गुरुपादप्पा. नासिरने एकदा अर्शियाकडे पाहिलं आणि तोही निघाला. अर्शियाने कोपऱ्यातलं एक क्रेट उचललं. स्वप्नालीला ती म्हणाली, "तू इथंच थांब. कुणीतरी इथं पाहिजे," आणि बाहेर पाऊल टाकलं.

पायाखाली जमीन नव्हती. घोट्यापर्यंत गारा होत्या आणि प्रत्येक पाऊल घसरत होतं. मारा थोडा उणावला होता, पण क्रेटच्या भोकांतून बारक्या गारा डोक्यावर, खांद्यावर बसतच होत्या. तोंडातून वाफ निघत होती. मार्च महिन्यात, औशाच्या रानात तोंडातून वाफ. तिने मान वर केली आणि तिला समोर काही ओळखूच येईना. बांध नाही, पायवाट नाही, पाट नाही. सगळं एकसारखं पांढरं होऊन आभाळाला जाऊन भिडलेलं, आणि लांब ती बाभळ, काळ्या रेघेसारखी.

सोमेश आणि गुरुपादप्पा अंदाजाने बांधावरून वळसा घालत चालले होते. नासिरला हे रान पॅकिंग शेडपुरतंच ठाऊक. त्याने सरळ बाभळीचा नेम धरला आणि मधून पळत निघाला. त्याच्या मागे पन्नासएक पावलांवर अर्शिया.

त्या रानातली तूर नुकतीच काढून झाली होती. गारांतून तुरीची खुंटं जागोजाग डोकं काढून उभी होती, बारीक, तपकिरी, टाकाने मारलेल्या रेघांसारखी. नासिर त्यांच्यातून पळत होता. आणि त्याच्या पुढे, बाभळीच्या अलीकडे, एक मोठा चौकोन होता. त्या चौकोनात एकही खुंट नव्हतं. काडी नाही, ढेकूळ नाही, सावली नाही. नुसता सोडलेला कागद.

ती जागीच थांबली. विचार करून काही कळलं असं नव्हे. वर्षानुवर्षं ती तसल्याच जागा कागदावर राखत आली होती, आणि ती जागा नेहमी पाण्याची असायची.

"नक्को जाव," ती घरच्या बोलीत ओरडली. "नासिर, पानी है उधर. नक्को जाव."

त्याने ऐकलं असावं, कारण त्याने अर्धवट मान वळवली. पण पाय थांबले नाहीत. पांढऱ्या जमिनीवर त्याने पाऊल टाकलं आणि ती जमीन त्याच्याखालून निघून गेली. तो छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत आत गेला आणि त्याच्या भोवती गारांचा थर हलला, फाटला आणि परत मिटला.

ते गुरुपादप्पांचं नवीन शेततळं होतं. खोदून, प्लास्टिकचा कागद अंथरून, विहिरीचं पाणी सोडून झालं होतं. भोवतीचा बांध आणि तारेचं कुंपण पुढच्या आठवड्यात व्हायचं होतं. पाणी काठापासून वीतभर खाली आणि वर तेवढाच जाड गारांचा थर तरंगत होता, त्यामुळे रान कुठं संपतं आणि तळं कुठं सुरू होतं ते डोळ्यांना कळायचा मार्गच नव्हता.

नासिरला पोहता येत होतं. पण शेततळ्याच्या कागदावर माणूस पोहून निघत नाही. तो काठाशी यायचा, तळवे टेकायचा, गुडघा वर घ्यायचा आणि तसाच घसरून मागे जायचा. दोनदा तो असा आला आणि गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे ओठ निळे दिसत होते आणि तो काही बोलत नव्हता. नासिर बोलत नाही, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

ती काठावर पालथी पडली आणि ओढणीचं टोक त्याच्याकडे फेकलं. तोवर तो मागे गेला होता, टोक पुरलं नाही.

"सोमेश," तिने हाक मारली. "इकडं ये. नासिर पाण्यात हायत."

सोमेश तेव्हा तळ्याच्या पलीकडून बाभळीकडे पोचतच होता. त्याच क्षणी बाभळीकडून पार्वतम्माचा आवाज आला, बारीक, कण्हल्यासारखा. "सोमू…" सोमेश उभ्या जागी थिजला. एकीकडून आई आणि एकीकडून ही. अर्शियाला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तिला पुन्हा हाक मारायचा धीर झाला नाही. कुणाच्या पोराला, आईला सोड आणि माझ्या नवऱ्याला काढ, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

गुरुपादप्पाच ओरडले. "अव्वाकडं मी जातो. तू मागं फीर."

सोमेश मागे फिरला. पळता पळता त्याने शेजारच्या वाफ्यातली ठिबकची काळी नळी धरली आणि जोर लावून उपटली. गारांखालून ती लांबच लांब वर आली. दोघांनी तिचे चार पदर केले आणि आत टाकले. "हाताला गुंडाळा, नासिरभाई. बोटांनी धरू नका, मनगटाला गुंडाळा." नासिरची बोटं वळत नव्हती. त्याने दातांनी नळी ओढून मनगटाभोवती घेतली. अर्शियाने टाचा तुरीच्या खुंटांत रोवल्या आणि मागे झुकली. नळी हातात कापत गेली. नासिर कागदावरून इंच इंच वर आला, एकदा अर्धा परत गेला, आणि मग एकदम काठावर येऊन पडला, मासळीसारखा.

तिने त्याच्या गालावर हात ठेवला. गाल लाकडासारखा होता. "बोल," ती म्हणाली. "काहीतरी बोल."

"माझा मोबाइल गेला," नासिर म्हणाला.

बाभळीखाली पार्वतम्मा वासराला पोटाशी धरून, त्याच्यावर ओणवी होऊन बसलेली सापडली. गाय दावं तोडून पळाली होती. पार्वतम्माचा उजवा हात कोपरापासून वेगळ्याच दिशेला लोंबत होता आणि पाठीवरचं लुगडं ठिकठिकाणी रक्ताने भिजलं होतं. गुरुपादप्पांनी तिला उचललं. वासरू आपोआप मागे आलं.

तिला लातूरला न्यायला पाहिजे होतं, पण शेताच्या वाटेवर मोठं कडुलिंबाचं झाड आडवं झालं होतं आणि टेम्पो निघत नव्हता. सोमेश शेजारच्या मन्मथला घेऊन कुऱ्हाडीने फांद्या तोडायला लागला. स्वप्नालीने खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी करून सासूचा हात बांधला. नासिरला घोंगडीत गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात बसवलं. तो इतका थरथरत होता की चहाचा कप त्याच्या दातांवर वाजत होता. अर्शियाने त्याचे तळवे चोळले. मग स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा आता जरा, मी करते," आणि ती दारात एका खोक्यावर जाऊन टेकली.

आणि तेवढ्यात पश्चिमेला ढग फाकले.

ऊन तिरपं आलं. सगळ्या शिवारावर एक करडा-निळा रंग पसरला, खुंटांच्या सावल्या लांब झाल्या, बांध फुगवट्यांसारखे उठून दिसू लागले. लांब बाभळ. तिच्याही पलीकडे औशाच्या किल्ल्याची पुसट ओळ. वर आभाळ, आभाळ आणि आभाळ. अर्शियाला आता कळलं की आजवर तिची चूक कुठं होत होती. बर्फ पांढरा नव्हताच. उन्हाच्या बाजूला तो किंचित पिवळा होता आणि सावलीत जांभळट, आणि अगदी थोड्या ठिकाणी, जिथं नजर टिकत नव्हती, तेवढ्याच ठिकाणी तो कागद होता. कडेकडेने तो विरघळायलाही लागला होता. अर्ध्या तासात यातलं काही उरणार नव्हतं.

तिच्या हातात खोक्याचा फाटलेला पुठ्ठा होता, पर्समध्ये बॉलपेन होतं. तिने काढायला सुरुवात केली.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. समोर सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं. गुरुपादप्पा दोरखंड न्यायला आले होते. डोक्यावर टोपी नव्हती, केस ओले, कपाळावरची विभूती धुऊन गेलेली. ते तिच्या मांडीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत होते. तिथून त्यांनी मागे वळून फाटक्या पॉलिहाऊसकडे पाहिलं, आणि परत पुठ्ठ्याकडे.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "आमच्या घरात मढं पडल्यावानी झालंय. आन् तुम्ही चित्र काढून राहिला?"

अर्शियाने पुठ्ठा उलटा केला. गुरुपादप्पांनी दोरखंड खांद्यावर टाकला आणि ते निघून गेले.

वाट मोकळी झाल्यावर मन्मथने टेम्पो चालवला. पार्वतम्माच्या हातात सळई टाकावी लागली. नासिर आठवडाभर तापाने फणफणला. उठून बसायला लागला तेव्हा त्याला अर्शियाच्या पर्समधला तो पुठ्ठा सापडला. दुमडलेला, एका कडेला भिजलेला.

"हे तवाचं हाय?" त्याने विचारलं.

"हाव."

"मी पाण्यातून निघालो, आन् तू हे काढलंस?"

"माझे हात थरथरत होते," अर्शिया म्हणाली. "पेन धरलं तवा थांबले. खोटं कशाला सांगू, नंतर मी सगळं विसरले. तुम्हाला सुद्धा."

नासिरने पुठ्ठा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तापट माणूस, एरवी भांडला असता. भांडला नाही, तेच तिला जड गेलं. पुढचे कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. कहकशां सुट्टीला आली तिलाही ते जाणवलं, पण तिने विचारलं नाही.

गुरुपादप्पांकडचं जाणंही तुटलं. फुलंच नव्हती, तर टेम्पो कशाला लागणार? स्वप्नाली अधूनमधून फोन करायची. पार्वतम्माचं प्लास्टर निघालं, गाय दोन गावं सोडून कुण्या पाव्हण्याच्या रानात सापडली, सोमेश अर्ध्या भागावर नवीन कागद चढवतोय, असं सांगायची. सासऱ्यांबद्दल काही सांगायची नाही आणि अर्शिया विचारायची नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर एका दुपारी अर्शियाने पाट मांडला. रोज कडेला सरकवलेला पुठ्ठा पुढ्यात ठेवला, चांगला जाड कागद ताणून बसवला आणि रंग कालवले. पाच-सहा दिवस ती त्यावर होती. पांढरा रंग तिने डबीतून काढलाच नाही. आणि या वेळी ते पीठ नव्हतं. बघताना पायाची बोटं आकसत होती. अर्शियाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

पार्वतम्मा आली ती बाजारच्या दिवशी, आगाऊ न कळवता. उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. डाव्या हाताने तिने पिशवीतून शेंगदाण्याच्या पोळ्या काढल्या. "सुनेनं केल्यात, माझा हात चालत न्हाई," म्हणाली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने सरळ विचारलं, "ते चित्र कुठंय? आमचे मालक घरी बोलले त्याबद्दल. लई येळा बोलले. मला बघायचंय."

अर्शियाने नाही म्हणून पाहिलं. पार्वतम्मा उठून मागच्या खोलीत गेली आणि तिने स्वतःच ते फिरवलं. नासिर जेवणाचं ताट घेऊन दारात येऊन उभा राहिला होता.

पार्वतम्माने चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "तसंच हाय," ती म्हणाली. "असंच गार होतं." मग तिने बाभळीवर बोट ठेवलं. "आन् मी कुठंय?"

"न्हाई काढलं तुम्हाला."

"कामून? मी होते की तिथं. वासरू होतं. हे नासिरभाई होते. सोमू होता." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दुखावली होती. "एवढं मोठं रान काढलंस बाई, आन् त्यात एक माणूस न्हाई. बघणाऱ्याला वाटल, किती सुंदर. आमचं काय झालं ते कुणाला कळणार?"

अर्शिया तिथेच पाटावर बसली. कालव्याच्या त्या जुन्या चित्रांत किती माणसं होती ते तिला आठवलं. घसरणारी, ओढणारी, पडलेली, बारकी बारकी, पण त्यातलं एकही गाळलेलं नाही. तिने वर्षानुवर्षं बर्फच बघितला होता.

"काढते," ती म्हणाली.

"मला जाड काढू नको म्हणावं," पार्वतम्मा नासिरकडे बघून म्हणाली, आणि त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

माणसं काढायला तिला सुट्टीचे उरलेले सगळे दिवस लागले. नासिर रोज कामावरून आला की मागच्या खोलीत यायचा. पहिल्या दिवशी नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी इतका काठाला नव्हतो. आत होतो." मग त्याने जमिनीवर बसून, कसा आत गेलो, हात कसा टाकला, दातांनी नळी कशी धरली, ते करून दाखवलं. करून दाखवता दाखवता त्याचा आवाज बसला आणि तो पहिल्यांदा रडला. अर्शियाने ब्रश ठेवून दिला. त्या दिवशी पुढे काही काढलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी ती चित्र घेऊन गुरुपादप्पांच्या शेतात गेली. नासिरनेच नेलं. पॉलिहाऊसचा अर्धा भाग नव्या कागदाने झाकला होता, उरलेल्या अर्ध्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा होता. शेततळ्याला आता तारेचं कुंपण होतं. गुरुपादप्पा वाफ्यात रोपं लावत होते. तिला पाहून उठले, पण पुढे आले नाहीत.

"अप्पा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरोबर होतं. पण मी हे पुरं केलंय. तुम्हाला न्हाई पटलं तर घेऊन जाते परत."

तिने चित्र खोक्यांवर उभं केलं. गुरुपादप्पांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि समोर येऊन उभे राहिले. सोमेश आणि स्वप्नाली शेडच्या आत थांबले. नासिर टेम्पोतून उतरलाच नव्हता.

पांढऱ्या शिवारात बोटाच्या पेराएवढी माणसं होती. एक पाण्यात. दोघं नळी ओढताना. बाभळीखाली एक बाई, वासरावर ओणवी. तिच्याकडे पळणारा एक म्हातारा, एक पाय हवेत. डावीकडे फाटक्या छताच्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली लाल-पिवळे ठिपके.

गुरुपादप्पा इतका वेळ बघत राहिले की अर्शियाला तिथून निघून जावंसं वाटलं. शेवटी ते पुढे वाकले आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यापाशी बोट नेलं.

"माझ्या डोक्याला टोपी न्हवती," ते म्हणाले. "पहिल्या झटक्यालाच उडाली ती. बाभळीपाशी गेलो तवा उघडाच होतो."

"पुसता येते," अर्शिया म्हणाली. "पाणी द्या वाटीभर."

स्वप्नालीने वाटीत पाणी आणलं. अर्शियाने पर्समधून ब्रश काढला, स्वच्छ पाण्यात बुडवला, टोपीच्या ठिपक्यावर हलकेच फिरवला आणि रुमालाच्या टोकाने टिपून घेतला. पुन्हा फिरवला, पुन्हा टिपला. टोपी निघत गेली. गुरुपादप्पा श्वास रोखून, कमरेत वाकून, तिच्या हाताकडे बघत होते.

"हाव," ते म्हणाले. "असं." मग मागे न बघता त्यांनी आवाज दिला, "सोमेश, नासिरभाईंना आत बोलव रे. उन्हात कामून बसलेत? आन् चहा टाकायला सांग."